मिलोचा केक

केशरमावशी दमलेली नाही, असं मी कधी पाहिलंच नाही. लहानपणी मला वाटायचं, काही माणसं सावळी असतात, काही ठेंगणी असतात, तशी आपली मावशी दमलेली आहे. तो तिचा रंगच आहे. ती बसली की आधी 'देवा बापा' म्हणायची आणि मग उजवा खांदा दाबायची. पण बसायची कधी, हा प्रश्नच होता.

मी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, कडूबाई. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं मला हे नाव ठेवलं. घरदार ख्रिस्ती झालं तरी आजीच्या पोटातली गावाकडची भीती काही गेली नव्हती. त्या नावामुळे मी जगले की कसं, देव जाणे, पण जगले, शिकले आणि नगरला मिशनच्या शाळेत मास्तरीण झाले. तिथं जिभेला धार आली. अख्खी शाळा मला वचकून असते. म्हणूनच पुढं मी जे केलं, त्याची मला अजून लाज वाटते.

मावशी तिसगावकडची. तेराव्या वर्षी तिला नगरला मडमसाहेबांच्या बंगल्यात भांडी घासायला ठेवलं. मडमला ओळखीच्या घरोघरी केक पाठवायची सवय होती आणि केक फेटायला दमदार हात लागतो. मावशीचा हात दमदार होता. मडम घड्याळ लावून बसायची आणि ही पोर अर्धा-अर्धा तास अंडी फेटायची. पुढं मडम आपल्या देशाला परत गेली. जाताना दोन गोल डबे, एक चाळण आणि अंडी फेटायचं यंत्र मावशीला देऊन गेली. यंत्र दोन वर्षांत मोडलं. मावशीचा खांदा मात्र त्यानंतर पंचवीस वर्षं चालला.

आमच्या लोकांत केकाशिवाय लग्न नाही आणि नगरात केशरबाईशिवाय केक नाही, असं होऊन बसलं. कुणाचंही लग्न ठरलं की नवरीची आई डोक्यावर पदर घेऊन मावशीच्या दारात उभी. साखर खलबत्त्यात कुटायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, मनुका निवडायच्या, घमेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचा, वर झाकणावर निखारे. मोठा केक असला तर डबे डोक्यावर घेऊन कॅम्पातल्या बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि भाजून होईस्तोवर भट्टीशी बसून राहायचं, कारण भट्टीवाला आपल्या पावांच्या नादात केक जाळतो. हे सगळं दवाखान्यातल्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून. नवरा, सहादेवकाका, त्याच दवाखान्यात पहारेकरी होता. रतन नऊ वर्षांची असताना तो वारला. चौथ्या दिवशी मावशी कुणाच्या तरी लग्नाच्या मनुका निवडत बसली होती. मी म्हटलं, अगं निदान आज तरी. ती म्हणाली, "त्यांचं लगीन काय थांबतंय व्हय?"

आणि एवढं करून लग्न बघायला मिळायचं नाही. आमची लग्नं उन्हाळ्यात, आणि नगरच्या उन्हाळ्यात केकावरच्या आयसिंगला घाम फुटतो. मुंग्या येतात, माश्या येतात, पोरं बोटं घालतात. म्हणून केक चर्चच्या मागच्या, वेदीला लागून असलेल्या खोलीत दार लावून ठेवायचा. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, खिडकीला ओलं पोतं, आणि केकाशेजारी सुपानं वारा घालत मावशी. पुढं शपथा चालायच्या आणि ही भिंतीआड बसून ऐकायची. दीडेकशे लग्नं तिनं अशी नुसती कानांनी बघितली. कुठल्या नवऱ्याचा आवाज कापत होता आणि कुठल्या नवरीनं 'होय' म्हणायला फार वेळ लावला, हे ती वर्षांनंतरही सांगायची. नवरीनं काय नेसलं होतं, ते मात्र आम्हाला विचारायची.

एकोणीसशे त्र्याहत्तरचा एप्रिल. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेलेला. आमच्या गल्लीत दिवसाआड टँकर यायचा आणि आम्ही पहाटेपासून हंड्यांची रांग लावायचो. त्या रांगेत मावशी मला म्हणाली, "कडू, रतनच्या लग्नात मला पुढं बसायचंय."

रतन, तिची एकुलती एक मुलगी, दवाखान्यात नर्स झाली होती. पारनेरचा शमुवेल, एस.टी.त कंडक्टर, त्याच्याशी तिचं ठरलं होतं. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

"मग बस की," मी म्हटलं.

"तसं न्हाई गं." तिनं हंडा पुढं सरकवला. "पाळकसाहेब इचारत्यात ना, हिला लग्नात कोन देतंय म्हनून. नेहमी बाप न्हाईतर काका बोलतो, मी देतो. रतन जाऊन त्यांना म्हनाली, माझी आई बोलंल. ते म्हनले, हरकत न्हाई, पन आईनं पहिल्या बाकावर बसलं पायजे. आता मी मागं केकापाशी बसले तर भिंतीआडून वरडून सांगू का, मी देते म्हनून?"

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. मग हळूच म्हणाली, "आन् मी लई दमले गं. एवढा एक केक न्हाई करावा वाटत."

पंचवीस वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, सरळ सांग ना सगळ्यांना. तर म्हणे, कसं सांगू? कारभारीभाऊजींनी सोयऱ्यांना कधीच सांगून टाकलं की केक आमच्या वहिनीच्या हातचा. गावाच्या पोरींचे केक केले आणि पोटच्या पोरीचा करायला नाही म्हणाली, असं लोक बोलतील. हे कारभारीभाऊजी म्हणजे सहादेवकाकांचे धाकटे भाऊ. माणूस मनानं चांगला, पण दुसऱ्याच्या कष्टावर शब्द देण्यात पटाईत.

वाट निघाली ती विहिणीमुळे. शमुवेलची आई रंगुबाई साखरपुड्यात सहज बोलून गेली होती की कॅम्पातल्या बेकरीत हल्ली तीन मजली केक मिळतो, वर गुलाबी फुलं असतात. कारभारीभाऊजींना ते लागलं. त्यांनी ठरवलं की रविवारी उपासनेनंतर पाहुण्यांना घरी बोलवायचं, बेकरीचा तुकडा आणि वहिनींचा तुकडा समोरासमोर ठेवायचा, आणि चव बघून काय ते ठरवायचं. निकाल काय लागणार, याची त्यांना खात्रीच होती.

शनिवारी मावशीनं मला घरात ओढलं आणि दार लोटलं. परातीत लालसर पीठ होतं.

"हे काय?"

"मिलो."

त्या वर्षी रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापायला जावं तर तुटायची, खाल्ली तर घशाला लागायची. तिकडं हा दाणा डुकरांना घालतात, असं लोक रांगेत बोलायचे आणि पिशवी पुढं करायचे.

"ह्याचा केक करते," मावशी म्हणाली. "मैदा नावाला. साखरेचा पाक जरा जादा करपवते, म्हंजे कडू लागंल. सोडा न्हाई. एक घास खाल्ला की रंगुबाई म्हनंल, बेकरीचाच बरा. माझ्यामागची पीडा जाईल आन् मला नकोबी म्हनावं लागनार न्हाई."

मला हसू आवरेना. ती मात्र गंभीर. "हसू नको. आन् कुनी बोललं न्हाई तर तू बोल. तू मास्तरीन हायस, तुझं ऐकत्यात. म्हन, मावशी, औंदा काय जमलं न्हाई. म्हनशील ना?"

"म्हणेन."

"शपथ?"

"अगं म्हणेन म्हटलं ना."

मुद्दाम वाईट करायचा केकसुद्धा तिला वाईट करता येत नव्हता. तीनदा हात सोड्याच्या डबीकडे गेला आणि मी तीनदा तो धरला. पाक करपायला लागला तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहिली. दुष्काळात मूठभर साखर जाळली म्हणून पुटपुटत देवाची माफी मागत होती.

रविवारी अंगणात बाज टाकली, वर सतरंजी. रंगुबाई आल्या, शमुवेल आला, शेजारच्या आक्काबाई न बोलावता आल्या. कारभारीभाऊजी कोट घालून आले, एप्रिलच्या उन्हात. रतनची दवाखान्यात पाळी होती, ती उशिरा येणार होती. आधी बेकरीचा तुकडा फिरला. मऊ होता, गोड होता. रंगुबाई म्हणाल्या, "बरा हाय." मग भाजायच्या डब्यातून मावशीचा केक निघाला. काळपट, बसका. सुरीनं कापताना आवाज आला. मी मनात म्हटलं, झालं काम.

कारभारीभाऊजींनी पहिला घास घेतला. चावले. चावत राहिले. त्यांच्या गळ्याची घाटी दोनदा वर-खाली झाली, आणि ते म्हणाले, "वा वहिनी! ह्याला म्हनत्यात हात."

आक्काबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "खुसखुशीत झालाय बाई."

शमुवेल बिचारा दाढेत अडकलेला कण जिभेनं काढत होता. तो म्हणाला, "प्रवासाला टिकंल असा हाय." त्यातल्या त्यात खरं तोच बोलला.

रंगुबाईंनी ताटलीतला शेवटचा कणसुद्धा बोटानं टिपून तोंडात टाकला. "इहीनबाई, आमाला बेकरी-बिकरी काय नको. असल्या दिसांत तुमी एवढं घालून केलंत, अन्नाला नाव ठिवायचं असतं व्हय? केक तुमीच करा."

आणि तिथंच मला कळलं, आमचं गणित कुठं चुकलं ते. त्या वर्षी कुणी कुणाच्या ताटातल्या घासाला वाईट म्हणत नव्हतं. आमची पोरं सरकारी मदतीच्या सुकडीसाठी रांगेत उभी राहायची. खडी फोडून आलेली बाई चतकोर भाकरी दोन्ही हातांत धरायची. अशा वर्षी केशरबाईनं मिलोचा केक पुढं केला, तर लोकांनी तो मिलो ओळखला, सगळ्यांनीच ओळखला, आणि त्यांना वाटलं, हिच्या घरात मैदा नाही. ज्यांना उन्हाळ्यात पाण्यावरून भांडण काढायला लाज वाटत नव्हती, ती माणसं त्या अंगणात एका बाईची लाज राखत बसली होती.

मावशी माझ्याकडे बघत होती. तिची सगळी भिस्त माझ्यावर होती. मी घास तोंडात धरला होता. कडू, कोरडा, वाळूसारखा. चौथीच्या वर्गाला जसं सुनावते तसं सुनावायचं होतं, चार शब्द. कारभारीभाऊजी म्हणाले, "बोल गं मास्तरीन."

"छान झालाय, मावशी," मी म्हटलं.

का म्हटलं? मला अजून नीट सांगता येत नाही. सगळ्यांनी राखलेली तिची लाज मी एकटीनं कशी काढू, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, वाईटपणा घ्यायची भीती वाटली. दुसऱ्यांना खरं बोला म्हणून छड्या मारणारी मी. मावशीनं माझ्यावरची नजर काढली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं. करते मग."

नेहमीसारखं. दीडशे वेळा म्हणाली होती, तसंच. डावा हात उजव्या खांद्याकडे गेला.

तेवढ्यात रतन आली. पांढरी साडी, घामानं भिजलेली, पाय धुवायच्या आधीच तिनं ताटलीतला तुकडा उचलला. ही पोर केकाच्या कापलेल्या कडा खाऊन वाढलेली. तिनं एक चावा घेतला, थांबली, आईकडे बघितलं. आईचा हात अजून खांद्यावरच होता. मग उरलेला तुकडा ताटलीत ठेवला.

"हा केक खान्यासारखा न्हाई," ती म्हणाली. "माझ्या लग्नाला बेकरीचा आना."

कारभारीभाऊजी उठून उभे राहिले. "रतने! आईच्या हाताला नाव ठिवतीस? सोयऱ्यांसमोर?"

"ठिवते. मला गुलाबी फुलांचा पायजे. तीन मजली." असं म्हणून ती सरळ आत गेली. तिला गुलाबी रंग कधीच आवडला नाही, हे मला ठाऊक होतं. सासूसमोर हट्टी आणि नखरेल ठरायचं तिनं एका घासात पत्करलं होतं.

मला वाटलं, मावशी सुटली. मी तिच्याकडे बघितलं तर ती रडत होती. खरंच रडत होती. "पंचवीस वर्सांत माझ्या केकाला कुनी न्हाई म्हनलं न्हाई," ती म्हणाली, "आन् पोटच्या पोरीनं..." अगं बाई, तूच ना मिलो घातलास! पण हे मोठ्यानं म्हणायचा हक्क मी दहा मिनिटांपूर्वी गमावला होता. रंगुबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बेकरीचं नक्की झालं.

संध्याकाळी मागच्या ओट्यावर दोघी मायलेकी राखेनं ताटल्या घासत होत्या. मी पाणी वाचवत वाचवत विसळत होते. रतन मान वर न करता म्हणाली, "आई, तू पहिल्या बाकावर बसायचंस. केकापाशी कुनीबी बसंल, कडूताई बसंल."

"बसेन," मी म्हटलं. तेवढं तरी माझ्याकडे निघत होतं.

"एवढं वाईट केल्तं का गं मी?" मावशीनं विचारलं.

"लई वाईट," रतन म्हणाली. मग दोघी हसल्या, आणि मावशीला हसता हसता खोकला आला.

केकातून सुटली म्हणून मावशीनं विश्रांती घेतली असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती बाई बघितलेली नाही. तिनं बुंदी पाडली. दोन पायल्या गहू निवडले. पाहुण्यांच्या वापराचं पाणी टँकरवरून आणून तीन पिंपं भरली. सोयऱ्यांच्या वाकळा धुतल्या आणि त्याच पाण्यानं अंगण शिंपडलं. लग्नाच्या आधीचे दोन दिवस ती आडवी झाल्याचं कुणीच पाहिलं नाही.

लग्नाच्या सकाळी हातगाडीवरून केक आला, तीन मजली, वर गुलाबी फुलं. मागच्या खोलीत जाऊन बघते तर मावशी नव्या लुगड्यात वाकून टेबलाच्या पायाखाली वाटी सरकवत होती. खिडकीला पोतं लावून झालं होतं. मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं, दंडाला धरलं आणि तिला ओढत पहिल्या बाकापर्यंत नेलं. ती बसली. 'देवा बापा' म्हणाली. हात मांडीवर ठेवले, मग बाकावर ठेवले, मग परत मांडीवर. रिकामे हात कुठं ठेवायचे, हे तिला माहीत नव्हतं. "बोलायचं काय ते पाठ हाय ना?" मी विचारलं. ती पुटपुटली, "मी देते. मी देते."

मी मागच्या खोलीत गेले. पण मला मास्तरीण म्हणतात, मी नियम दुसऱ्यांसाठी करते. दार फटीएवढं उघडं ठेवलं आणि तिथून बघत राहिले. केकाला खुशाल घाम फुटू दे.

गीत झालं. वाचन झालं. पाळकसाहेबांनी थोडं लांबवलं, नेहमी लांबवतात. मग रतन आणि शमुवेल पुढं उभे राहिले आणि पाळकसाहेबांनी विचारलं, "या स्त्रीला या पुरुषाशी विवाह करण्यासाठी कोण देत आहे?"

कुणी बोललं नाही.

मी फट मोठी केली. पहिल्या बाकावर मावशीची मान डाव्या बाजूला, रंगुबाईंच्या खांद्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं. हात मांडीवर उलटे पडलेले, बोटं सैल. गाढ झोपली होती. दीडशे लग्नं तिनं भिंतीआडून जागी राहून ऐकली आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नात पहिल्या बाकावर तिला डोळा लागला. रंगुबाई खांदा न हलवता ताठ बसल्या होत्या.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा विचारलं, "कोण देत आहे?" दुसऱ्या बाकावरून कारभारीभाऊजी कोट सावरत उठले. आक्काबाईंनी मागून हात लांब करून मावशीला हलवायला घेतलं.

रतन वळली. तिनं आक्काबाईंना हातानंच थांबवलं, आणि काकांना म्हणाली, "बसा, काका." मग पाळकसाहेबांकडे बघून ती म्हणाली, "आई देतीय. तिला झोपू द्या."

पाळकसाहेबांनी पुस्तक जरा जवळ धरलं आणि पुढच्या शपथा हलक्या आवाजात घेतल्या. इतक्या हलक्या, की भिंतीआड बसलेल्या बाईला त्या ऐकू गेल्या नसत्या. शेवटचं गीत होतं तेव्हा पेटीवाल्यानं भाता जपून मारला, आणि आम्ही सगळे, गावजेवणाला आल्यासारखे ओरडून गाणारे लोक, अर्ध्या आवाजात गायलो.

मावशी जागी झाली तेव्हा रतन आणि शमुवेल सही करायला गेले होते. ती दचकून उठली, पदर सावरला आणि पहिल्यांदा मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मला शोधलं. मी केक तसाच सोडून धावत तिच्याजवळ गेले.

"इचारलं का गं त्यांनी?"

"विचारलं."

"मंग?" तिनं माझं मनगट धरलं. "मी बोलले का?"

"तू दिलीस, मावशी," मी म्हटलं.

या खेपेला मी खोटं बोलले नव्हते.